बंद मशिनचा बॅकअप

...आणि तो दुसरा चष्मा डोळ्यांवर चढवून आमचा डबल ऐटीत लग्नाच्या मंडळींत शिरला, इथवर कालचं बोलणं आलं होतं. पुढे झालं असं, की समोर सासरे दिसले म्हणून त्याने वाकून नमस्कार केला, गुडघा कसा आहे ते विचारलं, आणि झोपताना लेप लावत जा असंही वर सांगून टाकलं. समोरच्या माणसानेही आपल्या गुडघ्याची समग्र हकिकत मोकळ्या मनाने सांगितली. खरे सासरे मागच्याच खुर्चीत बसून ऐकत होते. बऱ्याच वेळाने ते म्हणाले, "जावईबापू, माझा गुडघा इकडे आहे."

त्याचं कारण साधं होतं. पहिला चष्मा फुटला, म्हणून कपाटातला राखीव काढला. चष्मा होता, डबी होती, डबीत काच पुसायचं फडकंसुद्धा घडी करून ठेवलेलं होतं. फक्त नंबर जुना. डोळे कधीच पुढे निघून गेले होते आणि चष्मा तिथेच थांबला होता.

हा किस्सा घरी इतक्या वेळा सांगितला गेला, की शेजारच्यांनाही पाठ झाला. पण हसून झाल्यावर त्यातून काही उचलावं हे कोणाला सुचलं नाही. डबलला तर नाहीच.

डबल हे त्याचं पाळण्यातलं नाव नव्हे. कामावर पडलेलं. या माणसाच्या खिशात पेनं दोन, पिशवीत छत्र्या दोन, डब्यात चमचे दोन. दाराला कुलूप लावून रस्त्यावर गेला की परत येऊन ओढून बघायचा. बायको म्हणायची, "सगळं दोन दोन. मी तेवढी एकटीच कशी राहिले, नवल आहे." त्यावर तो गंभीरपणे म्हणायचा, "तुझी राखीव मिळत नाही." बायकोला हे बोलणं आवडायचं, म्हणून ती ते पुन्हा पुन्हा काढायची.

नोकरी कृत्रिम पाय बनवणाऱ्या कार्यशाळेत. पायांचं काम करणारा कारागीर वेगळा, डबलकडे कॉम्प्युटर. आता कोणी म्हणेल, पायाला कॉम्प्युटर कशाला? तर पाय गेलेल्या माणसाचा जेवढा भाग उरतो, तो एका प्लास्टिकच्या वाटीत बसवायचा असतो. ती वाटी जमली तर माणूस चालला, नाही जमली तर फोड. कारागीर त्या भागावरून एक कॅमेरा फिरवतो, पडद्यावर आकार येतो, मग तो म्हणतो, इथे केसभर खोल, तिथे जरा सैल. माणूस येतो, चालून दाखवतो, कण्हतो, जातो. पुन्हा येतो. असं करत करत आकार मुरतो, लोणच्यासारखा. आणि हे सगळे मुरलेले आकार राहायचे एका मशिनमध्ये. त्या मशिनचं नाव डबलने ठेवलं होतं, साचा.

मशिन म्हणजे खरं मशिन नव्हे. आतल्या खोलीत एकच मोठा कॉम्प्युटर होता आणि त्याच्या पोटात तीन-चार लटके कॉम्प्युटर. एका घरात भिंती घालून भाडेकरू ठेवावेत आणि प्रत्येकाने घर आपलंच समजावं, तसं. एकात साचे, एकात लोकांच्या तारखा, एकात कोठीचा माल. डबलच्या धंद्यात त्यांना व्हर्च्युअल मशिन म्हणतात. रोज संध्याकाळी प्रत्येक मशिनची नक्कल काढून कोठीच्या खोलीतल्या वेगळ्या डब्यात ठेवायची, ही डबलची जबाबदारी. नक्कल म्हणजे बॅकअप. जन्मजात दोन दोन ठेवणाऱ्या माणसाला असलं काम मिळावं, म्हणजे माशाला पोहायचा पगार.

आणि ते तो करायचा कसं, तर काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं टाइप करून. माउस त्याने ड्रॉवरमध्ये कोंडून ठेवला होता. "चित्रावर बोट ठेवून काम सांगणं हे मुक्याचं झालं," तो म्हणायचा. "आपल्याला तोंड आहे. हुकूम लिहायचा. सांगितलं तेवढंच करतं, जास्त नाही, कमी नाही." हे तो कौतुकाने सांगायचा. सांगितलं तेवढंच करतं यात भिण्यासारखं काही असेल, हे तेव्हा त्याच्या गावीही नव्हतं.

तिथे एक म्हातारा पोस्टमन यायचा. निवृत्त झालेला, डावा पाय गुडघ्याखाली गेलेला. आयुष्यभर चालला, म्हणून बसणं त्याला शिक्षा वाटायची. वाटी तपासून झाली तरी तो घरी जायचा नाही. डबलच्या खोलीत चहा घेत बसायचा. डबल हुकूम लिहायचा, एंटर दाबायचा, कपाला हात घालायचा, आणि साच्याच्या ओळीपुढे 'यशस्वी' असं उमटायचं.

"झालापण?" पोस्टमन विचारायचा.

"चहा निवायच्या आत," डबल म्हणायचा. "पूर्वी आख्खा तास जायचा. आता हात बसलाय."

हात बसलाय. हे दोन शब्द पुढे त्याला किती टोचले, ते त्याचं त्याला ठाऊक.

मग एका दुपारी वीज गेली आणि परत आली ती दांडगाईने आली. पंखे गरगरले, दोन ट्यूब फुटल्या, आतल्या खोलीत करपल्याचा वास सुटला. मोठा कॉम्प्युटर गेला. पोटातल्या भाडेकरूंसकट गेला.

सगळे धावत आले. कारागीर हातातला तासलेला साचा तसाच घेऊन, डॉक्टरबाई चष्मा कपाळावर ढकलून. डॉक्टरबाई म्हणजे कार्यशाळेच्या प्रमुख. बोलणं कमी आणि जे बोलतील ते वजनाचं. त्यांनी एकच विचारलं, "बॅकअप?"

"आहे ना," डबल म्हणाला. छाती थोडी फुगलीच असेल. असे दिवस कोणाला हवे नसतात, पण आलेच तर आपण तयार असावं असं वाटणारा तो माणूस. अडगळीत त्याने राखीव कॉम्प्युटरही ठेवला होता, अर्थातच. तो जोडला, डब्यातल्या नकला बाहेर काढायचे हुकूम लिहिले. तारखांचं मशिन उठलं. कोठीचं उठलं. साचाही उठला, विनातक्रार.

डबलने साचा उघडला आणि पोस्टमनचा आकार काढला. आकार आला. पण तो आजचा पोस्टमन नव्हता. मध्ये म्हातारा आजारी पडून वाळला होता, त्याच्या आधीचा, भरलेल्या पायाचा पोस्टमन होता. डबलने दुसरा माणूस काढला. तोही जुना. तिसरं नाव काढलं, गेल्या वर्षी नव्याने आलेल्या बाईचं. ती नव्हतीच.

त्याच्या कानाच्या पाळ्या तापल्या. कारण उमगायला वेळ लागला नाही, आणि तेच वाईट.

दीड-दोन वर्षांमागे साच्यावर नवा प्रोग्रॅम चढवायचा होता. डबल तो. असाच कसा चढवेल? त्याने आधी साच्याचं हुबेहूब जुळं मशिन तयार केलं, प्रोग्रॅम त्या जुळ्यावर चढवून पाहिला. झकास चालला. मग त्याने जुळंच कामाला लावलं आणि मूळ साचा बंद करून ठेवला. असू दे राखीव म्हणून. रोजच्या बॅकअपचा हुकूम मात्र तोच राहिला, आणि त्या हुकमात नाव होतं मूळ साच्याचं. सांगितलं तेवढंच करतं. बॅकअपची रीत अशी, की कालपासून जे बदललं तेवढंच उचलायचं. बंद मशिनमध्ये बदलणार काय? म्हणून चहा निवायच्या आत व्हायचं. रोज. न चुकता. यशस्वी.

नुसता एकेरी माणूस असता तर ही चूक त्याच्या हातून झालीच नसती.

दाराबाहेर कारागीर उभा होता. "मिळालं?"

"नाही."

"म्हणजे डब्यातली साच्याची कॉपीपण जळाली म्हण की," कारागीर म्हणाला. "च्यायला त्या करंटच्या."

डबल माठाजवळ गेला, पेला भरला, पाणी प्यायला, पेला पुन्हा भरला. दुसरा पेला भरेपर्यंत कारागिराने डॉक्टरबाईंना सांगूनही टाकलं होतं. बाई डबलकडे बघून म्हणाल्या, "तुम्ही तरी काय करणार." डबलने मान हलवली. ती होकारार्थी होती की नकारार्थी, हे बघणाऱ्याच्या मनावर होतं, आणि बघणाऱ्यांचं मन चांगलं होतं. खोटं तो एक अक्षर बोलला नाही. नुसतं खोट्याला बसायला पाट दिला.

आता वीज म्हटली की वायरमन आला. कार्यशाळेचं वायरिंग बघायचा तो डबलच्याच बायकोचा धाकटा भाऊ. डबलनेच आणून लावलेला. बाईंनी त्याला बोलावून सगळ्यांसमोर सुनावलं. वीज बाहेरून उसळली असेल, कबूल. पण कॉपीचा डबा वेगळ्या खोलीत होता, तोही अर्धा जळतो म्हणजे जोडणीतच खोट आहे. पुढच्या वर्षी काम दुसऱ्याला देऊ. वायरमन ऐकून घेऊन थेट बहिणीच्या घरी आला.

"भावोजी, मी कोठीला लाइन वेगळी ओढली होती," तो म्हणाला. "तुमच्यादेखत ओढली. तिकडे झटका जाईलच कसा?"

डबलच्या आधी बायको बोलली. "कसा जाईल ते आम्हाला विचारतोस? हा माणूस गेल्या जन्मीचं कुलूप या जन्मात ओढून बघेल, आणि तुझ्या एका वायरीने याची सगळी मेहनत जाळली. लहानपणी रेडिओ उघडलास तेव्हापासून तुझं हेच. चार स्क्रू काढायचे आणि तीन लावायचे."

"ताई, रेडिओ तू पाडला होतास."

"विषय बदलू नकोस."

भाऊ हसला नाही. डबलकडे वळला. "भावोजी, तुम्ही एकदा तो डबा उघडून बघा. तुम्ही बघून म्हणालात की जळालाय, तर मी मान्य करतो. दुसऱ्या कोणाचं नको मला."

"बघायला पाहिजे," डबल म्हणाला.

डबा शाबूत होता. त्यावर साधी धूळही बसली नव्हती, कारण तो रोज पुसायचा. बायको आपल्या बाजूने आपल्या सख्ख्या भावाशी भांडते आहे, आणि ज्या गोष्टीसाठी भांडते आहे ती गोष्टच नाही. एखाद्याला चपलेने मारलं तर अंग दुखतं. मायेने मारलं तर कुठे चोळायचं?

पुढचे काही आठवडे डबल कामावर जायचा तो भिंतीच्या कडेने. लोक पुन्हा माप द्यायला येऊ लागले होते. बाहेरच्या बाकावर काठ्या, कुबड्या आणि उतरवलेले पाय टेकून ठेवलेले असायचे, आणि आतून कारागिराचा आवाज यायचा, "जरा कळ काढा." डबलला साधं हिणवलं कोणी असतं तर बरं वाटलं असतं. उलट लोक त्याची कीव करायचे. कीव फुकट मिळत होती आणि ती दुसऱ्याच्या खात्यातली होती.

अशात पोस्टमनची वाटी तडकली. नवी करायची, आणि आकार तर गेलेला. पुन्हा पहिल्यापासून मोजणी. पहिली वाटी घालून म्हातारा चालून दाखवायच्या पट्टीवरून जेमतेम या टोकाचा त्या टोकाला गेला आणि बसला. पाय काढला, वाटीच्या आतला मोजा काढला. हाडाच्या टोकाशी कातडी लालभडक होऊन फुटली होती. कारागीर खाली बसून बघत होता, डॉक्टरबाई कापूस घेऊन आल्या. आकाराच्या मूळ मापाबद्दल काहीतरी विचारायला त्यांनी डबलला हाक मारली होती. तो दारातच थांबला.

"ये की आत," पोस्टमन म्हणाला. "बघ, काय फूल उमललंय."

डबल आत आला. नजर कुठे ठेवावी कळेना, म्हणून फोडावरच ठेवली.

"त्या वायरवाल्याला दाखवायला पाहिजे हे," पोस्टमन म्हणाला. "आधीची वाटी कशी, लोण्यात बोट बुडवावं तशी बसायची. जाऊ दे. तू तोंड पाडू नकोस रे. तुझं काम तू चोख केलंस. मी बघत होतो ना रोज. चहा निवायच्या आत व्हायचं."

डबलच्या तोंडून निघालं, "तेच तर चुकलं."

"काय?"

"लवकर व्हायचं तेच." त्याचा आवाज इतका खाली गेला की कारागिराने मान वर केली. "डबा जळाला नाही. डबा धडधाकट आहे. मी रोज बॅकअप घेत होतो, पण बंद मशिनचा. काम दुसऱ्या मशिनमध्ये चाललं होतं. हुकमातलं नाव बदलायचं माझं राहिलं. वायरमनने काही केलेलं नाही. मला त्याच दिवशी कळलं होतं."

कापूस बाईंच्या हातात तसाच राहिला. कारागीर म्हणाला, "मी तुला विचारलं होतं."

"विचारलं होतंस."

"आणि तू पाणी प्यायलास."

"हो."

पोस्टमनने मोजा पायावर चढवायला घेतला, मग पुन्हा काढला. तो रागावला नव्हता. पत्ता नीट लागत नसला की करायचा तसा विचार करत होता. "म्हणजे असं," तो म्हणाला. "घरातली माणसं शेजारच्या गल्लीत राहायला गेली. आणि तू दीड-दोन वर्षं त्या बंद घराच्या दाराखाली रोज टपाल सरकवत राहिलास."

"हो."

"आणि पोचल्याची सही?"

"माझीच."

पोस्टमनने मोजा बाजूला ठेवला. मग म्हणाला, "माझ्या नोकरीत अशाला घरी बसवायचे. पण घरी बसणं काय असतं ते मला माहीत आहे, म्हणून मी तसं म्हणणार नाही. एक कर. माझी वाटी जमेपर्यंत प्रत्येक वेळी इथे यायचं आणि मोजा तू काढायचास."

डॉक्टरबाईंनी कापूस लावून घेतला, हात पुसले. "मी त्या माणसाला चारचौघांत बोलले," त्या म्हणाल्या. "उद्या त्याला बोलावते. चारचौघांतच त्याची माफी मागेन. तुम्ही शेजारी उभे राहायचं."

"आज मी स्वतः सांगतो त्याला," डबल म्हणाला. "बहिणीसमोर."

घरी सांगायला कार्यशाळेपेक्षा जड गेलं. तिथे निदान फोड समोर होता. इथे स्वयंपाकघरात बहीणभाऊ शेंगा सोलत बसले होते आणि डबल चपला न काढताच उभ्याने बोलला. बोलून झालं तरी शेंगा सोलल्याचा आवाज थोडा वेळ चालू होता. मग एकाच हाताचा राहिला. बायकोने आपल्या पुढ्यातली टरफलं गोळा केली आणि भावाला म्हणाली, "रेडिओ मीच पाडला होता." एवढं बोलून ती आत गेली.

वायरमन म्हणाला, "भावोजी, आधी मला म्हणाला असतात ना, तर तुमच्या वाटच्या शिव्या मी हसत खाल्ल्या असत्या. तुमच्या आहेत हे ठाऊक असून. पण तुम्ही त्या मला माझ्या म्हणून खाऊ घातल्यात." त्याने अंगठ्याने एक शेंग फोडली. "आणि त्या कोठीच्या लाइनवर मीच शंका घ्यायला लागलो होतो. दोनदा जाऊन पॅनेल उघडून बघितलं. स्वतःच्या हातावरचा विश्वास गेला होता माझा."

चूक विसरण्याची होती, ती कोणाचीही होते. पण दुसऱ्याचा हात त्याच्याच नजरेतून उतरवला, याची नक्कल काढून ठेवली नव्हती, की परत भरून द्यावी.

बायको बरेच दिवस त्याच्याशी थेट बोलली नाही. भिंतीला सांगायची, "जेवायला वाढलंय म्हणावं." भिंत बिचारी निरोप पोचवायची. एकदा त्याने कपाट आवरायला काढलं, तेव्हा दोन छत्र्या, दोन कात्र्या, दोन टॉर्च बाहेर आले. तो एकेक उघडून, दाबून, लावून बघत बसला. एक टॉर्च लागलाच नाही; आत सेल फुटून चिकटले होते. बायको दारात उभी राहून बघत होती. ती म्हणाली, "चष्माही काढा तो. नंबर बघून घ्या." तेव्हापासून भिंतीची नोकरी सुटली.

कार्यशाळेत मोजा काढायचं काम तो करत राहिला. पहिल्या खेपेला त्याने मोजा ओढलाच. पोस्टमन म्हणाला, "पार्सल फोडतोयस का? अलगद." वाट्या होत गेल्या, फोड लहान होत गेला, आणि एका सकाळी म्हातारा पट्टीवरून गेला तो दारातून बाहेर, रस्त्यापर्यंत जाऊन आला. मोजा काढला तर कातडी कोरडी आणि नुसती गुलाबी. डबलने तो मोजा घडी करून हातात धरला, आणि त्याच्या मनात समाधानाच्या आधी शरमच आली. ही वाटी आधीही अशीच होती. एवढ्या कळा काढून म्हातारा होता तिथेच पोचला होता.

बॅकअपचा हुकूमही त्याने नव्याने लिहिला. आता त्यात मशिनचं नाव लिहिलेलंच नाही. आधी नव्या मोठ्या कॉम्प्युटरला विचारायचं, आत्ता चालू कोण कोण आहे? जे ओ देतील त्यांचीच नक्कल काढायची. वेळ पूर्वीसारखा जातो, चहा निवून वर साय धरते. शिवाय दर आठवड्याला एक नक्कल राखीव कॉम्प्युटरवर उभी करायची, त्यातून कोणा एकाचा आकार काढायचा आणि कारागिराला हाक मारायची. कारागीर टेप घेऊन येतो, पडद्यावरचं माप आणि हातातला साचा ताडून बघतो, आणि दर वेळी न चुकता विचारतो, "पाणी पिणार का आधी?"

डबल हसत नाही. पण पाणी देतो.

मध्यंतरी वायरमन कार्यशाळेत पंखा बदलायला आला होता. काम बाईंनी त्याच्याकडेच ठेवलं. तो शिडीवर, खाली पोस्टमन चहा घेऊन बसलेला, डॉक्टरबाई कागदावर सही करत उभ्या, आणि डबल काळ्या पडद्यापुढे. पडद्यावर सगळ्या ओळींपुढे 'यशस्वी' उमटलं. वायरमनला ते वरून दिसलं. तोंडात स्क्रू धरून त्याने सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "काय भावोजी, झाला का बॅकअप?"

डबलने पडद्याकडे पाहिलं, मग शिडीकडे पाहिलं, आणि कान तापलेले असतानाच म्हणाला, "झाला असं मशिन म्हणतंय. मी उघडून बघितलं, की मग मी म्हणेन."